‘आढळत नाही’ म्हणजे नेमके काय?

मराठीतील पीएच.डी.च्या आराखड्यांत एक वाक्य हमखास भेटते : ‘प्रस्तुत विषयावर यापूर्वी स्वतंत्र संशोधन झाल्याचे आढळत नाही.’ विषय ग्रामीण कादंबरीचा असो, संतकवितेचा असो, वा एखाद्या नाटककाराच्या स्त्रीव्यक्तिरेखांचा, वाक्य तेच. अलीकडे ते एम.ए.च्या प्रकल्पांतही उतरले आहे. रहिमतपूर परिसरातील विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारे आम्ही काही जण दर वर्षी असे आराखडे वाचतो. या वाक्याच्या खरेखोटेपणाकडे आम्ही नंतर वळू. आमचा पहिला आक्षेप त्यातील क्रियापदावर आहे. ‘आढळत नाही’ हे शोधणाऱ्याला पडद्याआड ठेवणारे मोठे सोयीचे क्रियापद. कोणाला आढळत नाही? त्याने पाहिले कोठे? कोणते शब्द टंकले? कोणत्या ऱ्हस्वदीर्घांनी टंकले? विद्यार्थ्याजवळ या प्रश्नांची उत्तरे नसतात, कारण ते प्रश्न त्याला कोणी विचारलेलेच नसतात. आणि बहुतेक वेळा मार्गदर्शकाजवळही ती नसतात.

आमचे म्हणणे असे की, जालावर शोध कसा घ्यावा हे शिकवणे मराठी विभागाचे काम आहे. ते संगणक विभागाचे नाही, आणि एकट्या ग्रंथपालाचेही नाही. हे म्हणणे ज्यांना अतिरेकी वाटेल त्यांनी पुढचे सावकाश वाचावे.

सध्या हे काम टाळण्याचा प्रतिष्ठित मार्ग म्हणजे एकदिवसीय कार्यशाळा. शहरातून साधनव्यक्ती येतात. पडद्यावर इंग्रजी पारदर्शिका सरकू लागतात. स्कोपस, वेब ऑफ सायन्स, इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स. मग शोधाच्या ‘प्रगत’ युक्त्या : वाक्यांश अवतरणचिन्हांत घाला, नको तो शब्द वजाचे चिन्ह लावून वगळा, ‘साइट’ लिहून शोध एका संकेतस्थळापुरता मर्यादित करा, पीडीएफ तेवढ्या मागवा. चहा, प्रमाणपत्र, ‘नॅक’च्या फायलीसाठी छायाचित्र. यातले खोटे काहीच नसते. पण उदाहरणे हवामानबदलाची आणि औषधनिर्माणाची असतात, आणि मराठीचा विद्यार्थी संध्याकाळी घरी जाऊन अवतरणचिन्हांत ‘वसंत कानेटकर’ लिहितो तेव्हा त्याची निम्मी सामग्री त्या अवतरणचिन्हांमुळेच गळून पडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशनाच्या नीतिशास्त्राचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात माहितीसंग्रहांनाही जागा आहे, आणि तीही याच स्कोपस-वेब ऑफ सायन्सच्या दिशेने तोंड करून. मराठी टीकालेखनाचा फारच थोडा अंश त्या संग्रहांत सापडेल. जेथे आपले घर नाही तेथील दाराच्या किल्ल्या आपण विद्यार्थ्यांना वाटत आहोत.

आता आमच्या गावाचेच नाव घेऊ. रहिमतपूर, रहिमतपुर, रहीमतपूर, रहीमतपुर. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या शुद्धलेखनविषयक नियमांना शासनाने मान्यता दिली (चौदा नियम १९६२ साली, आणखी चार १९७२ साली), त्यांत ग्रामनामाला लागणारा ‘पूर’ दीर्घ लिहावा असा खास नियमच आहे. म्हणजे नियमाआधीच्या छपाईत ‘पुर’ भेटण्याची शक्यता मोठी, नंतरच्या छपाईत कमी. पण शून्य नव्हे, कारण नियम सर्वांनी पाळले असते तर आम्हा मराठीच्या शिक्षकांना काही कामच उरले नसते. शिवाय रोमन लिपीतील वेगळे लेखन आहेच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड १८८५ सालचा, त्यात गावाची नोंद इंग्रजीतून आहे. १९६३ ची सुधारित आवृत्तीही इंग्रजीतच. या गावाच्या इतिहासावर चार पाने लिहू पाहणाऱ्याने केवळ आज पाटीवर दिसणारे रूप टंकले आणि ‘फारसे आढळत नाही’ असे लिहिले, तर दोष जालाचा की शोधाचा?

हेच अनुस्वारांचे. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत नांव, गांव, पांच, कांहीं, केलें असे सर्रास छापलेले आहे. ही पुस्तके आज संगणकाला वाचता येतील अशा रूपात आली आहेत. पण यंत्राच्या लेखी ‘नाव’ आणि ‘नांव’ हे दोन निराळे शब्द. शोधयंत्र काही वेळा आपणहून जुळवाजुळव करते, पण ती कधी करील याचा भरवसा नाही, आणि शब्द अवतरणचिन्हांत घातला की ती बरीचशी थांबते. तेव्हा जुन्या मराठीत शोध घेणाऱ्याला जुने शुद्धलेखन लिहिता आले पाहिजे. ते शिकवणार कोण? संगणक विभाग?

विभक्तीचा प्रश्न याहून मोठा आहे आणि त्याविषयी कार्यशाळांत एक अक्षरही निघत नाही. इंग्रजीत नावाला फारसे काही चिकटत नाही. मराठीत ‘कानेटकर’ एकटा क्वचितच वावरतो : कानेटकरांचे, कानेटकरांनी, कानेटकरांच्या, कानेटकरांवरील. ‘वसंत कानेटकर यांची नाटके’ असे लिहिणारा लेखक पहिल्या शोधात सापडेल, ‘वसंत कानेटकरांची नाटके’ लिहिणारा सापडेलच असे नाही. सामान्यरूप होताना शब्दाचे अंगच बदलते तेथे तर पंचाईत अधिक : पाऊस आणि पावसात, कादंबरी आणि कादंबऱ्या. त्यात कोशांची आणि सूचींची रीत आडनाव आधी लिहिण्याची. मराठी विश्वकोशातील चरित्रनोंदी तशाच आहेत, त्यामुळे सरळ क्रमाचे नाव अवतरणात घालून शोधणाऱ्याला त्या नोंदीचे शीर्षक हुकते. हा विश्वकोश तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आमच्याच जिल्ह्यात, वाईला, उभा राहिला. तोच आमच्या विद्यार्थ्याला जालावर ‘मिळत नाही’.

कानेटकरांचे नाव वारंवार येते ते उगीच नव्हे. त्यांचा जन्म २० मार्च १९२० रोजी रहिमतपूरला झाला, त्यामुळे इकडच्या विद्यार्थ्यांना हा विषय हटकून सुचतो. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ टंकले की प्रयोगांच्या जाहिराती आणि चित्रफितींचा पूर लोटतो. टीकालेख तळाशी जातात. ‘वेड्याचं घर उन्हात’ हे १९५७ चे नाटक. पण सूचीकार, संपादक, मुद्रितशोधक यांच्यापैकी कोणीतरी त्या ‘वेड्याचं’चे ‘वेड्याचे’ करून ठेवतो, आणि दोन्ही रूपांनी शोध घेतल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. मग विद्यार्थी वडिलांकडे वळतो. वडील म्हणजे शंकर केशव कानेटकर, रविकिरण मंडळातील कवी गिरीश. नुसते ‘गिरीश’ लिहून पाहावे : कर्नाड येतील, कुलकर्णी येतील, शेजारच्या दुकानाचे मालक येतील, कवी येणार नाही. त्यांचा ‘आंबराई’ शोधावा तर कोकणातील निवासव्यवस्थेचे दर समोर येतात. येथे ‘रविकिरण मंडळ’ ही जोड द्यावी लागते, यशवंत, माधव जूलियन हे सोबती द्यावे लागतात, आंबे आणि पर्यटन वजा करावे लागतात. माधव जूलियनांचेही जूलियन, ज्यूलियन, ज्युलियन, माधवराव पटवर्धन, मा. त्रिं. पटवर्धन असे अवतार आहेत. आणि कवी ‘बी’? एका अक्षराचा तो कवी कोणत्या शोधयंत्राला सापडावा? त्याला गाठायचे तर नारायण मुरलीधर गुप्ते हे नाव माहीत हवे. मराठी कवितेला टोपणनावांचा सोस आहे. तो सोस ज्याला ठाऊक नाही, त्याला जगातील सर्व युक्त्या शिकवल्या तरी त्या हवेतच फिरणार.

यानंतरचा मुद्दा थोडा तांत्रिक आहे, पण टाळता येत नाही. डोळ्यांना एकच दिसणारा मराठी शब्द यंत्रात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. ‘कादंबऱ्या’ आणि ‘कादंबर्‍या’ : पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले आहे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. ‘ॲ’चेही तसेच, २००८ पासून युनिकोडात त्याला स्वतंत्र स्थान आहे, त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले जाई, आणि अजूनही कित्येक कळपाटांवर तेच चालते. वर्षे देवनागरी आकड्यांत लिहिली आहेत की इंग्रजी, यानेही फरक पडू शकतो. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत शके हा आणखी एक पदर. १९२३ शोधणाऱ्याने १८४५ ही शोधावे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या मजकुराची तर वेगळीच शोकांतिका. श्रीलिपी, आकृती, किरण, शिवाजी अशा फाँटांत जे लिहिले गेले ते पडद्यावर मराठी दिसते, पण यंत्राच्या पोटात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. देवनागरीत शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने ते साहित्य अस्तित्वातच नाही.

आणि हे साहित्य थोडेथोडके नव्हे. पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा करण्याची सक्ती आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी आली, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभी केली. तिच्यात मराठीचे प्रबंध मोठ्या संख्येने आहेत. काही युनिकोडात, काही जुन्या फाँटांत, काही नुसती पानांची चित्रे. बऱ्याच नोंदींची शीर्षके रोमन लिपीत, आणि ती ज्याने टंकली त्याच्या मर्जीनुसार. त्यामुळे शोधगंगेत शब्द टाकून ‘आढळत नाही’ म्हणणे हा शोध नव्हे. तेथे विद्यापीठ निवडावे, त्यातील मराठी विभाग उघडावा आणि शीर्षके एकेक करून वाचावीत. त्याला दोन दुपारी लागतात. मग विद्यार्थ्याला कळते की त्याचा ‘स्वतंत्र संशोधन न झालेला’ विषय दोन विद्यापीठांत होऊन गेला आहे. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आणि त्यापुढे दंडाच्या पायऱ्या आखल्या. पण पानांच्या चित्रांतून उचललेली मराठी वाक्ये साम्य मोजणाऱ्या यंत्रालाही दिसत नाहीत. प्रामाणिक विद्यार्थी आधीचे काम न सापडल्याने तेच पुन्हा करतो, आणि अप्रामाणिक विद्यार्थ्याला ते सापडले तरी पकडणारा कोणी नसतो. शोध न शिकवण्याची ही दुहेरी किंमत.

‘इंटरनेट अर्काइव्ह’ची गोष्ट अशीच. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने प्रतिमांकित केलेली असंख्य मराठी पुस्तके आता तेथे आहेत. पण त्यांची नावे ज्या रोमन लेखनात आहेत ते पाहून लेखकांनी कपाळाला हात लावावा. तेथील साधा शोध पुस्तकाच्या नोंदीपुरता असतो; आतल्या मजकुरात शोधायचे तर निराळा पर्याय निवडावा लागतो, हे किती जणांना ठाऊक असते? आणि तो निवडल्यावरही यंत्राने जुन्या छपाईचे वाचन कसे केले आहे, याचा अंदाज हवा. ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘ध’चा ‘घ’, ‘ब’चा ‘व’. खांडेकर सापडत नसतील तर ‘रवांडेकर’ शोधून पाहावेत. हसू येते खरे, पण हस्तलिखितांचे पाठ लावणाऱ्या पिढीला हे भ्रंश नवे नव्हते. लेखनिक काय चुकला असेल हे ओळखणे हीच तर पाठचिकित्सा. तीच विद्या येथे उलट दिशेने वापरायची. आणि ती विद्या संगणकाच्या अभ्यासक्रमात नाही, ती आमच्या अभ्यासक्रमात आहे. पाठचिकित्सेच्या प्रश्नाला विद्यार्थी ‘ऑप्शनला’ टाकतात ती गोष्ट निराळी.

आता विरोधकांकडे वळू. त्यांचा एक पक्ष ज्येष्ठांचा आहे, आणि आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे. ‘जालावरचे संशोधन म्हणजे आयते, खरे संशोधन ग्रंथालयात बसून होते.’ कोणत्या ग्रंथालयात? पुण्या-मुंबईच्या. रहिमतपूरहून पुण्याला जाऊन चार तास ग्रंथालयात बसायचे तर दिवस मोडतो, भाडे पडते, आणि मुलगी असेल तर घरच्यांची परवानगी लागते. सकाळी गोठा आणि दुपारी वर्ग करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ग्रंथालयात जा’ म्हणणे हा उपदेश आहे की नकार? त्याच्याजवळ आज एक साधन आहे, खिशातला भ्रमणध्वनी. ते साधन त्याने नीट वापरू नये यात कोणाचे भले आहे? आणि ग्रंथालयाचा कैवार घेणाऱ्यांनी हेही सांगावे की त्यांच्यापैकी किती जणांनी वर्गात दाते सूची उघडून दाखवली आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४४ साली सिद्ध केली, पुढे १९५० पर्यंतचा भाग १९६१ साली आला. जालापूर्वीचा एवढा प्रचंड शोध मराठीत दुसरा क्वचितच असेल. तो ज्याने हाताळला आहे त्याला जालावरचा शोध परका वाटत नाही. वर्गीकरण, नामभेद, आवृत्ती, साल, हे सारे तेथेच भेटलेले असते. (महाराष्ट्र शब्दकोशाचे दाते ते वेगळे, यशवंत रामकृष्ण. तो कोश आणि मोल्सवर्थचा १८५७ चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. जुन्या शब्दाची रूपे शोधायला याहून चांगली जागा नाही.)

राजवाड्यांचा दाखला या पक्षाकडून नेहमी दिला जातो : ते गावोगाव पायी हिंडले, तुम्ही खुर्चीत बसून शोधता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, वाईला सापडलेल्या कागदांवर उभा. पण राजवाड्यांची थोरवी केवळ पायपिटीत असती तर त्या काळचा प्रत्येक टपालवाला इतिहासाचार्य झाला असता. कोणत्या घराण्याकडे कोणते दप्तर असेल, ते कोणत्या नावाने ओळखले जात असेल, कोणाला काय विचारले म्हणजे ते बाहेर येईल, हे त्यांना कळत होते. ते कळणे हेच शोधाचे शास्त्र.

दुसरा पक्ष तरुण सहकाऱ्यांचा. ‘आजच्या मुलांना हे उपजतच येते.’ मराठी बोलणाऱ्याला व्याकरण उपजतच येते, असे म्हणण्यासारखे हे आहे. मुलांना गाणे सापडते, निकाल सापडतो. कारण ते सापडावे म्हणून कोणीतरी मांडून ठेवलेले असते. १९४३ ते १९४६ या काळातील साताऱ्याचे प्रतिसरकार शोधायला सांगा. पत्री सरकार, पत्रीसरकार, प्रतिसरकार, प्रति सरकार. इंग्रजीत ‘पॅरलल गव्हर्नमेंट’. ए. बी. शिंदे यांचे १९९० चे इंग्रजी पुस्तक या शेवटच्या नावाने सापडते, मराठी नावाने शोधणाऱ्याला ते हुकण्याचा संभव अधिक. एका घटनेची ही पाच नावे मुलांना उपजत येत नाहीत, ती सांगावी लागतात.

आणि आता तिसरा पक्ष आला आहे : ‘शोधायचे कशाला, कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारा.’ विचारावे. ते यंत्र अस्खलित मराठीत लेखाचे नाव देते, नियतकालिक देते, अंकाचा महिना आणि पृष्ठांक देते. आणि तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. मराठीसारख्या, जालावर कमी मजकूर असलेल्या भाषेत ही बनावट अधिक बेमालूम ठरते, कारण पडताळायला गेलेल्यालाही काही सापडत नाही आणि तो समजतो की जुना अंक जालावर नसेल. न सापडलेला लेख आणि नसलेला लेख यांतला फरक कसा ओळखायचा? नियतकालिक त्या साली निघत होते का, लेखक त्या वेळी लिहीत होता का, नंतरच्या कोणत्याही सूचीत वा संदर्भयादीत तो लेख आहे का, हे पाहून. म्हणजे पुन्हा शोध घेऊनच.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना संशोधनपद्धती हा विषय आणि पुढे प्रकल्प आला. एम.ए. मराठीचा प्रत्येक विद्यार्थी आता कागदोपत्री संशोधक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचे पेढेही वाटून झाले. आम्ही एका अभ्यासमंडळाकडे टिपण पाठवले : संशोधनपद्धतीच्या विषयात वीस गुण शोधवहीला द्यावेत. शोधवहीत विद्यार्थ्याने तारीख, संकेतस्थळ, टंकलेले नेमके शब्द आणि हाती आलेले वा न आलेले फळ लिहायचे. प्रत्येक नावाची किमान सहा रूपे. ‘आढळत नाही’ हे वाक्य लिहायचे असेल तर त्यापुढे कंसात शोधवहीचे पान. उत्तर आले की विषय तांत्रिक असल्याने टिपण संगणकशास्त्राकडे वर्ग करण्यात येत आहे.

तेथे त्याचे काय होईल याचा अंदाज वाचक करू शकतात. दरम्यान आम्ही गुणांवाचून शोधवही सुरू केली आहे. पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय आपापल्या गावाचा : गावाच्या नावाची सर्व लेखनरूपे जमवा आणि प्रत्येकाने काय हाती लागते ते नोंदवा. ब्रह्मपुरी आणि वाठारच्या मुलांना बरेच काम पडले, कारण त्या नावांची गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत, आणि वजा करायला काय काय लागते हे त्यांना रहिमतपूरकरांच्या आधी कळले.